उभ्या गाड्यांची सकाळ

झेंडा पावणेआठला पडायचा होता, तो पडला आठ पंचवीसला. मधली चाळीस मिनिटं आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबच्या तेवीस गाड्या इंजिनं चालू ठेवून एकामागे एक उभ्या होत्या. त्या दिवशी जे बिघडलं ते जवळजवळ सगळं त्या चाळीस मिनिटांत बिघडलं.

वार्षिक दौडीची तांत्रिक तपासणी आणि वाटेतली बॅकअप गाडी ही दोन कामं आम्हा तिघांकडे होती. तपासणी आदल्या संध्याकाळीच उरकली होती: ब्रेक, स्टिअरिंगची ढिलाई, पेट्रोलची गळती, दिवे, टायरवरची तारीख, दोन किलोचं अग्निशामक, बॅटरी तोडायचा स्विच. टायरवर शेवटचे चार आकडे पाहायचे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुन्या गाड्या वर्षाकाठी जेमतेम काहीशे किलोमीटर धावतात, म्हणून टायरची नक्षी नवी दिसते आणि आतलं रबर मात्र कडक होऊन तडकलेलं असतं. नक्षी पाहून टायर पास करू नये.

एकच गाडी आम्ही अडवली. १९४८ ची एमजी टीसी, १९ इंची तारांची चाकं, मधोमध एकच मोठा कानाचा नट. मागच्या डाव्या चाकाच्या हबभोवती तांबूस पूड साचली होती. ही पूड म्हणजे साधा गंज नव्हे. हबवरच्या आणि चाकातल्या स्प्लाइन (एकमेकींत बसणाऱ्या दातेरी खाचा) एकमेकींवर घासून जो लोखंडाचा भुगा पडतो, तो तिथेच गंजून अशी लाली येते. गाडी जॅकवर घेतली, एकाला ब्रेक घट्ट दाबून धरायला सांगितला आणि चाक हाताने पुढेमागे हलवलं. ब्रेक दाबलेला असताना चाक तसूभरही हलता कामा नये. हे ‘टक’ करून हलत होतं. अशा हबवर चाक चालतं, चालतं आणि एका जोराच्या ब्रेकला स्प्लाइनचे दात कापले जातात. मग त्या चाकाला ना ब्रेक राहतो ना ओढ. नट आणखी ठोकून हे दुरुस्त होत नाही. मालकांना वाईट वाटलं, पण गाडी प्रदर्शनापुरती मैदानात राहिली. त्याच वेळी नटांचे आटेही पाहिले. या चाकांना गाडीच्या डाव्या बाजूला उजवे आटे आणि उजव्या बाजूला डावे आटे असतात. जोडणी करताना हब अदलाबदल झाले, तर चालत्या गाडीत नट आपोआप ढिला होत जातो.

तपासणीचा कागद पूर्ण भरला होता. मात्र ‘गाडी रांगेत किती वेळ उभी राहणार’ असा रकाना त्यात नव्हता.

रांग वयाप्रमाणे लावली होती, सगळ्यात जुनी पुढे. १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणायची रीत आहे, त्याआधीच्या त्याहून मानाच्या. फोटोला ही रांग छान दिसते. इंजिनाच्या दृष्टीने ती वाईट, कारण ज्यांची पाणी फिरवायची सोय सगळ्यात नाजूक त्याच गाड्या पुढे अडकतात आणि मागच्या सगळ्यांना त्यांच्या चालीने रांगावं लागतं. पाहुण्यांना यायला उशीर होतोय असा निरोप दर पाच मिनिटांनी येत होता, ‘बस, आलेच’. त्यामुळे कुणी इंजिन बंद करेना. हँडल मारून सुरू होणारी गाडी एकदा लागली की मालक ती बंद करायला धजत नाहीत, हे मी समजू शकतो. तरीही त्या क्षणी ठामपणे सगळी इंजिनं बंद करायला लावणं हे आमचं काम होतं आणि ते आम्ही केलं नाही.

पहिली वाफ निघाली फोर्ड मॉडेल टी मधून. १९१४ ची गाडी, २.९ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, पाण्याला पंप नाही. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरतं आणि परत इंजिनात शिरतं. या थर्मोसायफन पद्धतीला एकच अट असते: पाण्याची पातळी इंजिनातून रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या होजच्या वर हवी. पातळी तोंडाच्या खाली गेली की चक्र तुटतं. मग रेडिएटरमध्ये आठ लिटर पाणी असलं तरी ते असून नसल्यासारखं.

उन्हात पितळी रेडिएटर चकाकत होता. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पितळेवर धरला तर तो खूप कमी तापमान दाखवतो, म्हणून वरच्या आणि खालच्या टाकीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एकेक तुकडा चिकटवून त्यावर मापलं. वर ९९ अंश, खाली ४१. एवढा फरक दिसला की समजावं, पाणी फिरत नाही. नुसतीच तापलेली गाडी असती तर खालची टाकीही सत्तरीला पोचली असती.

‘काका, झाकण उघडू नका. इंजिन बंद करा आणि अर्धा तास हातच लावू नका,’ एवढंच आधी सांगितलं. गरम ब्लॉकमध्ये थंड पाणी ओतलं तर हेड किंवा ब्लॉक तडकतो आणि या वयाच्या ओतीव लोखंडाला तडा गेला की गाडी वर्षभर उभी. पस्तीस मिनिटांनी जाड फडक्याने झाकण हळूहळू सैल केलं, इंजिन लावलं आणि ते मंद चालू असताना कोमट पाणी बारीक धारेने घातलं. अडीच लिटर मावलं.

अडीच लिटर पाणी गेलं कुठे? उकळून ओव्हरफ्लोच्या नळीने बाहेर. उकळलं का, त्याची दोन कारणं सापडली. पंख्याचा सपाट चामडी पट्टा सैल होता आणि मंद चालीत तो पुलीवर नुसता घसरत होता. दुसरं कारण मोठं. मॉडेल टीच्या स्टिअरिंगखाली दोन दांडे असतात: उजवा थ्रॉटलचा, डावा ठिणगीच्या वेळेचा. हँडल मारताना डावा दांडा पूर्ण वर ठेवायचा, म्हणजे ठिणगी उशिरा पडते आणि हँडल उलटं फिरून मनगट मोडत नाही. इंजिन लागल्यावर तो लगेच खाली ओढायचा. इथे तो चाळीस मिनिटं वरच राहिला होता. ठिणगी उशिरा पडली की जळण पिस्टन खाली गेल्यावरही चालू राहतं, ताकद मिळत नाही, आणि ती सगळी उष्णता सिलिंडरच्या भिंतींत आणि एक्झॉस्टमध्ये जाते. मंद चालणारं इंजिन कमी तापतं असं आपण धरून चालतो, पण उशिरा ठिणगी असलेलं इंजिन उभ्या उभ्याही पाणी उकळवतं.

रांगणं हे मॉडेल टीला आणखी एका कारणाने मानवत नाही. पहिल्या गिअरसाठी डावं पेडल पूर्ण दाबून धरावं लागतं आणि अर्ध्यावर न्यूट्रल. माणसाच्या चालीने जायचं म्हणजे पाय सतत अधलामधला. आतला पट्टा ड्रमवर घसरत राहतो आणि त्याचं सुती अस्तर जळतं. गिअरचं आणि इंजिनाचं तेल एकच, त्यामुळे अस्तराचे तंतू तेलात मिसळून इंजिनाच्या तेलाच्या नळीत अडकू शकतात.

आम्ही मॉडेल टीपाशी असतानाच रांग सुटली. तीन किलोमीटरवर, चढाच्या तोंडाशी, फियाट ११०० बंद पडल्याचा फोन आला. १९५० च्या दशकातली गाडी, इंजिनाला बोल्टने बसवलेला डायफ्रॅमचा (लवचीक पडद्याचा) पेट्रोल पंप. प्लगला ठिणगी जोरदार, कार्ब्युरेटर मात्र कोरडा. उभ्या गाडीत बॉनेटखालची हवा तापत जाते आणि पंप, नळी, कार्ब्युरेटर सगळं त्या हवेत भाजून निघतं. आताच्या पेट्रोलचे हलके भाग चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात, त्यात मिसळलेल्या इथेनॉलने बाष्प आणखी सहज होतं. पंप ओढतो तेव्हा नळीतला दाब कमी होतो, म्हणून उकळी त्याहूनही लवकर. पंपाला द्रव ढकलता येतो, वाफ नाही.

यावर उपाय साधा असतो, फक्त धीर धरावा लागतो. बॉनेट पूर्ण उघडलं, ओलं फडकं पंपाच्या धातूच्या भागाला आणि नळीला गुंडाळलं, पंधरा मिनिटं थांबलो, मग पंपाच्या हाताच्या दांड्याने पेट्रोल भरून घेतलं. पंप काचेच्या वाटीचा असेल तर काचेवर पाणी घालू नये, ती तडकते आणि खाली गरम एक्झॉस्ट असतो. नळीला लाकडी चिमटे लावायचा जुना नुस्का कुणीतरी केलाच होता. माझ्या मते त्याने काही होत नाही. गाडी थंड झाली ती वेळ गेल्यामुळे. कायमचा इलाज म्हणजे पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये उष्णतारोधक जाड गॅस्केट आणि नळी एक्झॉस्टपासून चार बोटं दूर नेणं. गॅस्केट जाड केलं की पंपाच्या दांड्याची चाल तेवढी कमी होते, हे विसरलं तर पंप पूर्ण ओढत नाही आणि नवाच घोळ होतो.

सगळ्यात धोक्याचा प्रसंग चहाच्या थांब्यावर घडता घडता टळला. १९३६ ची फोर्ड व्ही ८. या इंजिनात एक्झॉस्टचे मार्ग ब्लॉकमधल्या पाण्यातूनच बाहेर पडतात, त्यामुळे ते मुळातच तापट. सेल्फ मारला की कण्हल्यासारखा अर्धा फेरा आणि शांत. ‘बॅटरी उतरली’ असा निकाल लागला होता आणि एक उत्साही तरुण आपली आधुनिक गाडी शेजारी लावून जंपर केबलचे चिमटे हातात घेऊन उभा होता. त्याला हाताला धरूनच थांबवलं. फोर्ड ६ व्होल्टची, त्याची १२ व्होल्टची. शिवाय या फोर्डला पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेलं असतं, आताच्या गाड्यांना निगेटिव्ह. चिमटे जोडलेले असताना बंपरला बंपर टेकला असता तर सरळ शॉर्ट झाला असता. सवयीने काळा चिमटा बॉडीला लावला असता तर दोन बॅटऱ्या उलट जोडल्या गेल्या असत्या.

बॅटरी खरंच उतरली होती का? रांगेत फोटोसाठी हेडलाइट चालू होते. दोन्ही मिळून सत्तर वॉट धरले तर ६ व्होल्टला बारा अँपिअर, इग्निशनचे तीनेक. मंद चालीत जुना डायनॅमो चार्जच करत नाही, म्हणजे चाळीस मिनिटांत दहा अँपिअर-तास गेले. शंभरच्या बॅटरीला हे फार नाही. मीटर लावला, स्थिर व्होल्टेज ६.२. बॅटरी निर्दोष.

मग सेल्फ दाबून धरायला लावला आणि टप्प्याटप्प्याने मापलं. बॅटरीच्या दोन टोकांवर ५.१ व्होल्ट, स्टार्टरवर फक्त ३.९. हरवलेल्या १.२ पैकी ०.४ जिवंत केबलमध्ये आणि ०.८ अर्थच्या, म्हणजे बॉडीला जोडलेल्या बाजूला. गाडी नुकतीच रंगवून आणलेली. चेसिसवरचा तो सुंदर काळा रंग तसाच ठेवून त्यावर अर्थची पट्टी बोल्टने आवळली होती. वीज फक्त बोल्टच्या आट्यांतून कशीबशी जात होती. इंजिन रबरी माउंटिंगवर, आणि इंजिन ते चेसिस ही वेगळी पट्टीही रंगावरच. नवीन रंगकामानंतर सेल्फ आळसावला तर आधी हेच पाहावं. बोल्ट काढले, नाण्याएवढी जागा लखलखीत लोखंडापर्यंत खरवडली, दातेरी वॉशर घातला, आवळून वर व्हॅसलिन लावलं. अर्थकडची घट ०.१ वर आली आणि इंजिन दुसऱ्या प्रयत्नात लागलं.

जिवंत केबल मात्र तशीच राहिली. ती २५ चौरस मिलिमीटरची, १२ व्होल्टच्या गाडीला शोभणारी. तेवढीच ताकद हवी तर ६ व्होल्टला प्रवाह दुप्पट लागतो. तीच केबल असेल तर व्होल्टची घट दुप्पट आणि वाया जाणारी ताकद चौपट. अशा गाडीला ५० ते ७० चौरस मिलिमीटरची केबल हवी. दिसायला ती जाडजूड आणि बेढब, म्हणून रंगकामाच्या वेळी पहिली तीच बदलली जाते.

संध्याकाळच्या बैठकीत रांगेवरच बोलणं झालं. लंडन ते ब्रायटन दौडीत १९०५ च्या आधीच्या शेकडो गाड्या असतात, पण त्या सूर्योदयापासून टप्प्याटप्प्याने सोडल्या जातात. आम्ही तेवीससुद्धा एकाच झेंड्याला बांधल्या होत्या. आता पाच-पाचचे गट, दोन गटांत चार मिनिटांचं अंतर, गटाची निवड वयावर नाही तर चढावरच्या वेगावर. झेंड्याआधी दोन मिनिटांपर्यंत सगळी इंजिनं बंद, पाहुणे येवोत न येवोत. सुटायच्या दहा मिनिटं आधी थर्मोसायफनच्या प्रत्येक गाडीचं पाणी पुन्हा पाहायचं. मिरवणुकीच्या चालीचा रस्ता जास्तीत जास्त एक किलोमीटर आणि तोही सुरुवातीला, गाड्या थंड असताना. बॅकअप गाडीत वीस लिटर पाणी, ६ व्होल्टची स्वतंत्र भरलेली बॅटरी, इग्निशनचे कंडेन्सर आणि पॉइंट, पट्टे आणि काळी टेप.

मॉडेल टी परतीच्या वाटेवर दांडा खाली ओढून, पट्टा आवळून, पस्तीसच्या वेगाने न थांबता आली. वरच्या टाकीवर ८४, खाली ६२. व्ही ८ ला पंधरा दिवसांनी ७० ची केबल पडली. तापलेल्या इंजिनावर सेल्फ मारून पाहिला तेव्हा दोन्ही बाजूंची मिळून घट ०.२ व्होल्टच्या आत होती.