टेसलवर सायकल: सव्वा तास काउंटरपुढे

टेसलला जाणार असाल तर सायकलच्या बुकिंगचा फॉर्म भरताना ‘सायकल कुठून घेणार’ हा रकाना दोनदा वाचा. बाकीचं सांगतेच, पण हे आधी, कारण माझा राग अजून पुरता उतरलेला नाही.

जुलैत लेकीकडे नेदरलँड्सला गेले होते. टेसल हे तिथलं उत्तरेकडचं बेट. स्पेलिंगमध्ये ‘एक्स’ आहे, पण तिकडे सगळे टेसलच म्हणतात. देन हेल्दरहून मोठी बोट सुटते, वीस मिनिटांत पलीकडे. तिकीट जाताना घेतलं की झालं, परतताना कोणी विचारत नाही. बेट सपाट, सायकलींचे रस्ते वेगळे, चौकाचौकात आकड्यांच्या पाट्या. आकडे कागदावर उतरवून घ्यायचे आणि एकामागून एक गाठत जायचे. यात काहीच अडलं नाही. अडलं ते धक्क्यालगतच्या सायकलच्या दुकानात.

बुकिंग मी स्वतः केलं होतं, मोबाइलवरून, लेकीची मदत न घेता. तेवढा अभिमान होता. काउंटरवरच्या मुलाला मेल दाखवला. त्याने कॉम्प्युटरवर बघितलं, मान हलवली. बुकिंग आहे, पण देन बुर्गच्या, म्हणजे बेटावरच्या मुख्य गावातल्या दुकानात. इथे नाही.

“मग तिथे जायचं कसं?” लेकीने विचारलं.

“जवळच आहे,” तो म्हणाला. “सायकलने अर्धा तास.”

तो चेष्टा करत नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्याच्या मागे निदान शंभर सायकली रांगेत उभ्या होत्या. त्यातल्या दोन द्या आणि तिकडचं रद्द करा, एवढंच आमचं म्हणणं. पण रद्द तिकडूनच होणार, आणि तिकडे फोन कोणी उचलेना. बाजूला थांबा म्हणाला. थांबलो. तासाने पुढची बोट लागली, लोकांचा लोंढा आला, पटापट सायकली घेऊन गेला. आम्ही बाकावर, शेजारी डब्याची पिशवी. मी तीनदा उठून काउंटरपाशी गेले. तिन्ही वेळा त्याने हसून तेच उत्तर दिलं. भांडला असता तर बरं झालं असतं, निदान मला आवाज चढवता आला असता.

“आई, तू बस ना जरा,” लेक म्हणाली. “बसलेच आहे की सकाळपासून,” मी म्हटलं.

शेवटी तिनेच मार्ग काढला. जुनं बुकिंग गेलं खड्ड्यात, नवीन करा, पैसे पुन्हा घ्या. पाच मिनिटांत सायकली हातात. हे सव्वा तासापूर्वी सुचलं असतं तर! आता एवढं लिहिलंच आहे तर कबूल करते: त्या रकान्यात देन बुर्ग आधीच भरलेलं होतं आणि मी ते बदललं नव्हतं. तरीही शंभर सायकलींसमोर माणसाला सायकल नाही म्हणायचं, हे काही मला पटत नाही.

पुढचं लफडं उंचीचं. मी पाच फूट एक इंच. तिथल्या माणसांच्या मापाची सायकल, सीट पार खाली घेतली तरी पाय जेमतेम चवड्यावर टेकत होते. लहान मापाची आहे का ते तिथेच विचारा, लाजू नका. मी लाजले. शिवाय हँडलला ब्रेक एकच, पुढच्या चाकाचा. मागचा ब्रेक म्हणजे पायडल उलटं मारायचं. शाळेत असल्यापासून मला उतारावर पायडल मागे फिरवत जायची सवय. पहिल्याच वळणावर मी ते केलं आणि सायकल जागीच थांबली. मी नाही थांबले. गुडघ्याला खरचटलं, बाकी काही नाही. मागच्या चाकाच्या कुलपाची किल्ली मात्र छान: कुलूप लावल्याशिवाय निघतच नाही, त्यामुळे हरवायची सोय नाही.

जाताना पश्चिमेकडून, वाळूच्या टेकड्यांच्या कडेने गेलो. स्लुफ्टरला टेकड्यांमधल्या खिंडीतून समुद्राचं पाणी आत येतं, आणि त्या खारट चिखलावर जांभळ्या फुलांचा पट्टा पसरला होता. तिथेच डबा खाल्ला. उत्तर टोकाला 1864 सालचा लाल दीपस्तंभ. वर चढताना जुन्या भिंतीवर 1945च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा दिसतात. पंचवीसेक किलोमीटर कसे गेले कळलं नाही. मला वाटलं, अजून दम आहे आपल्यात.

दम वाऱ्याचा होता. वाटेत शेतांमधून अर्धी कापल्यासारखी कोठारं दिसली होती, एका बाजूला उभी भिंत, दुसऱ्या बाजूला छप्पर पार खालपर्यंत उतरलेलं. सगळ्यांची उतरती पाठ नैर्ऋत्येला. आम्ही फोटो काढले, अर्थ नाही लावला. परतताना पूर्वेकडच्या, समुद्र अडवणाऱ्या बांधावरून निघालो आणि ज्या वाऱ्याकडे त्या कोठारांनी पाठ केली होती, त्यालाच तोंड देत बसलो. बांधावर आडोसा म्हणून एक झाड नाही. मेंढ्यासुद्धा बांधाच्या कुशीत बसलेल्या. सगळ्यात हलक्या गिअरवरही पायडल हलेना, शेवटी बराच रस्ता हातात धरून चाललो. तुम्ही उलट करा: जाताना बांधावरून, येताना पश्चिमेच्या जंगलातून. झाडांमुळे वारा अडतो.

दुकान बंद व्हायला दहा मिनिटं असताना पोचलो. तोच मुलगा होता. माझा गुडघा बघून त्याने न मागता बँडएड दिलं, आणि मला त्याच्यावर धड रागावताही येईना.

बोटीत बसलो आणि मोबाइल वाजला. देन बुर्गच्या दुकानाचा मेल होता. तुमच्या दोन सायकली सकाळपासून तयार आहेत, आपण अजून आला नाहीत, सगळं ठीक आहे ना?