लासलगावच्या वाटेवरची घरगुती यंत्रं

जानेवारीच्या शेवटी पहाटे सहाला नाशिक सोडलं. चांदोरी, निफाड, विंचूर, लासलगाव आणि येताना पिंपळगाव बसवंतवरून महामार्गाने परत, असा फेरा होता. शेतकऱ्यांनी आणि गावच्या वेल्डिंगवाल्यांनी स्वतः जुळवलेल्या यंत्रांचे फोटो काढायचे होते. ही यंत्रं फार दिवस राहत नाहीत. गरज सरली की लोखंडी अँगल दुसऱ्या कामाला लागतो, उरलेलं भंगारात जातं.

चांदोरीच्या पुढे सायकलचं कोळपं, म्हणजे तण काढायचं अवजार, दिसलं. पुढचं चाक आणि हँडल तसंच ठेवून मागे पास (तण कापणारी आडवी पात) बसवलेली. चालवणाऱ्या आक्कांनी हँडल आपल्या उंचीला दोनदा कापून घेतलं होतं. कापल्याचे दोन्ही जोड दिसत होते. मी सगळ्यात जवळून फोटो घेतला तो त्या जोडांचाच.

पण दिवस गेला तो लासलगावजवळच्या एका मळ्यात, कांदा प्रतवारीच्या यंत्रापाशी. सळ्यांचा लांबट गोल पिंजरा, एका बाजूला उतरता. सुरुवातीला सळ्यांमधली फट बारीक, पुढे वाढत गेलेली. आधी चिंगळी म्हणजे अगदी बारीक कांदा गळतो, मग गोल्टी म्हणजे त्याहून जरा मोठा, मोठा कांदा थेट टोकाला बाहेर. पिंजरा टेकलेला चार जुन्या स्कूटरच्या चाकांवर, त्यातली दोन मोटरीने फिरणारी. पहिल्या वर्षी कांद्याची साल खरचटायची, म्हणून मळ्याच्या मालकांनी, नानांनी, ठिबकच्या जुन्या नळ्या उभ्या चिरून प्रत्येक सळीवर चढवल्या. हे मी विचारलं म्हणून कळलं. नुसत्या फोटोत ती काळी सळीच वाटली असती. तेव्हा आधी तासभर बसा, चहा घ्या, यंत्र कसं सुचलं ते ऐका. कॅमेरा नंतर काढा.

बंद यंत्राचे फोटो आधी घ्यावेत, चारही बाजूंनी. मग चालू करायला सांगावं. पिंजरा सावकाश फिरतो, त्याला तिपाईवर 1/15 सेकंदाचा शटर पुरे: सांगाडा स्थिर, पिंजरा पुसट. जुनं डिझेल इंजिन मिनिटाला 650 फेरे घेत असेल, तर 1/60 सेकंदात फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) जवळजवळ 65 अंश फिरतं आणि गती छान दिसते. 1/1000 ला ते चारच अंश सरकतं, इंजिन बंद असल्यासारखं वाटतं. सकाळी नऊच्या आतलं तिरपं ऊन वेल्डिंगचा कण न् कण दाखवतं. दुपारी शेडच्या सावलीत काम करा. कांद्याची साल आणि माती फार उडते, तिथे लेन्स बदलू नका.

द्राक्षबागांच्या पट्ट्यात ट्रॅक्टरवरचे घरी फेरफार केलेले ब्लोअर, म्हणजे पंख्याचे फवारणी पंप, भेटतील. पीटीओचा दांडा (ट्रॅक्टरची ताकद जोडलेल्या यंत्राला देणारा) मिनिटाला 540 फेरे फिरतो आणि त्यावरचं झाकण बऱ्याचदा काढून टाकलेलं असतं. कॅमेऱ्याचा पट्टा, उपरणं, ओढणी, काहीही लोंबतं ठेवून जवळ जाऊ नका. फवारणी चालू असेल तर वारा फवारा ज्या बाजूला नेतो तिथे उभं राहायचंच नाही.

आणखी एक, अगदी कळकळीने: फोटो कुठेही टाकण्याआधी मालकाला विचारा. पेटंटचा अर्ज करायचा असेल तर रचना आधीच जाहीर झाल्याने त्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. गुजरातमधल्या गांधीनगरची नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही संस्था 2000 पासून अशा शोधांची नोंद ठेवते आणि पेटंटलाही मदत करते. तिचं नाव त्यांच्या कानावर घाला.

निघताना नानांना स्क्रीनवर फोटो दाखवले. त्यांनी ते मोठे करून नीट पाहिले आणि म्हणाले, “चांगले आलेत. पण यावरून माझ्या मेहुण्याला यंत्र बनवता येईल का? फट किती, ते कुठं दिसतं?” खरंच दिसत नव्हतं. ऊन उतरलं होतं, तरी त्यांच्याच शेडमधला टेप सळ्यांवर आडवा धरून सुरुवात, मध्य आणि टोक असे तीन फोटो पुन्हा घेतले, चाकांमधल्या अंतराचा चौथा. मेहुण्यांकडे पाठवले ते हेच चार.