पाच मिनिटांची बॅटरी

'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' या महाकाय रोबोटांच्या जपानी अ‍ॅनिमे मालिकेवर फॅनफिक्शन, म्हणजे तिच्या जगात घडणारी स्वतःची गोष्ट, लिहायचं हे बरंच आधी ठरलं होतं. त्यात अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टचं जग मिसळायचं, हे मात्र अंटार्क्टिकामुळे सुचलं. मालिकेत 2000 साली तिथे महास्फोट होतो, बर्फ वितळतो, समुद्र चढतो आणि निम्मी माणसं मरतात. लव्हक्राफ्टच्या 1936 साली छापून आलेल्या 'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस'मध्येही संशोधकांची एक तुकडी त्याच बर्फात जाते आणि तिला माणसाच्या कितीतरी आधीचं शहर सापडतं. दोन्हीकडे तिथे काहीतरी निजलेलं आहे आणि दोन्हीकडे माणसं ते उकरतात. दोन गोष्टींना जोडणारं दार मला आयतंच मिळालं होतं. आत शिरायला तीन खर्डे लागले.

पहिल्या खर्ड्यात रोबोट चालवणाऱ्या माझ्या पायलट मुलीने समुद्रातून वर आलेल्या एका प्रचंड जीवाशी तीन प्रकरणं झुंज दिली. लिहिताना फार आनंद झाला. माझं सगळं लेखन आधी वाचणारी एक मैत्रीण आहे, तिने विचारलं, "मारामारी छान जमलीय, पण मी घाबरायचं कुठे?" मग मी लव्हक्राफ्टचीच 1928 सालची 'द कॉल ऑफ कथुलू' पुन्हा काढली. त्यात एक खलाशी बोट थेट कथुलू नावाच्या प्रचंड जीवाच्या अंगावर घालतो. डोकं फुटतं, बोट आरपार जाते, आणि मागे वळून बघावं तर फुटलेलं पुन्हा सांधू लागलेलं असतं. घाव बसतो, पण त्याने काहीच होत नाही. माझ्या रोबोटच्या प्रत्येक मुठीने मात्र काहीतरी होत होतं, म्हणून भीती उरत नव्हती.

दुसऱ्या खर्ड्यात मी रोबोट पहिल्याच पानावर बंद पाडला. मैत्रीण म्हणाली, "मग तो हवाय कशाला? पोरगी चालत गेली असती तरी हेच झालं असतं." हेही खरं होतं. 1972 च्या 'माझिंगर झेड'पासून महाकाय रोबोटांच्या या कथाप्रकाराचा प्राण एकच आहे: नायक यंत्राच्या आत बसतो आणि यंत्राचं बळ त्याच्या अंगात येतं. पाऊल टाकलं की जमीन हादरते, ते सुख वाचकाला मिळालंच पाहिजे. ते आधी भरभरून द्यायचं आणि मग ज्या मापाने आपण मोठे ठरलो ते मापच निकामी करायचं, हे मला तेव्हा कळलं.

वाट मालिकेनेच दाखवली. सोळाव्या भागात शहरावर एक पट्टेरी गोल तरंगत येतो आणि सगळे त्याच्यावर नेम धरतात. तो गोल म्हणजे नुसती सावली निघते. खरं शरीर म्हणजे जमिनीवर पसरलेली काळी चकती: 680 मीटर रुंद, 3 नॅनोमीटर जाड. हे आकडे ऐकल्यावर ती गोष्ट जास्त समजायला हवी, पण ती आणखीच समजेनाशी होते. त्या रात्री मी खर्ड्यातले 'अवर्णनीय', 'अगम्य', 'भयाण' असे सगळे शब्द काढून टाकले आणि त्यांच्या जागी कॉकपिटमधले आकडे ठेवले. भिंत चारशे मीटरवर आहे. यंत्र शंभर पावलं चालतं. भिंत चारशे मीटरवर आहे.

मग केबल. इव्हाची, म्हणजे मालिकेतल्या त्या महाकाय यंत्राची, वीज केबलमधून येते. ती तुटली की आतल्या बॅटरीवर पाच मिनिटं. माझ्या गोष्टीत घड्याळ शून्यावर येतं आणि यंत्र चालतच राहतं. मालिकेतही इव्हा अशी हाताबाहेर जाते, पण तिथे ती चवताळून लढते. माझी इव्हा कुणाशीच लढत नाही. वाट पायाखालची असल्यासारखी ती लव्हक्राफ्टच्या त्या प्राचीन शहरात शांतपणे चालत जाते.

इथे मला लव्हक्राफ्टचे शॉगॉथ नावाचे जीव आठवले. लव्हक्राफ्टच्या त्या शहरातल्या रहिवाशांनी कष्टाची कामं करून घ्यायला ते घडवले होते. ते धन्याच्या आवाजाची नक्कल शिकले आणि पुढे धन्यावरच उलटले. इव्हासुद्धा घडवलेला जीवच आहे, आणि तिचं चिलखत तिला जखडण्यासाठी आहे. म्हणजे पायलट ज्याला शोधायला निघाली त्याच्याच भाऊबंदाच्या पोटात ती पहिल्या पानापासून बसलेली होती! दोन कथाविश्वांचा सांधा मला अंटार्क्टिकात वाटला होता, तो खरा इथे होता. हे उमगल्यावर तिसरा खर्डा अकरा दिवसांत झाला.

शेवट तेवढा अडला. नियंत्रण कक्षाला रेडिओवर तिचा आवाज ऐकू येतो, पण तो तिचा नाही, हे कसं दाखवायचं? आवाज घोगरा करून पाहिला, वाक्यं तोडून पाहिली. सगळं उसनं वाटलं. उत्तर मराठीतच सापडलं. गोष्टभर ती स्वतःबद्दल आणि यंत्राबद्दल 'आम्ही' म्हणते: आम्ही उतरलो, आम्ही थांबलोय. 'आम्ही'मध्ये ऐकणारा नसतो. शेवटच्या संदेशात मी एवढाच शब्द बदलला. आवाज तोच, सूर तोच, आणि कक्षातल्या सगळ्यांना उद्देशून: "आपण पोचलो."

मैत्रिणीने खर्डा परत केला तेव्हा त्यावर एकही शेरा नव्हता. फक्त 'आपण'भोवती पेन्सिलीने एक गोल होता.