बुटाला लागलेली माती

मागच्या महिन्यात एकाच दिवशी सकाळी अंत्यविधी होता आणि संध्याकाळी लग्न. अंत्यविधी चार वर्षांच्या मुलाचा. कबरेपाशी त्याच्या वडिलांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, पान उलटता येईना, मग जे पाठ होतं तेवढंच म्हटलं, मूठमाती दिली आणि त्यांच्याबरोबर तसाच उभा राहिलो. संध्याकाळी नवरा-नवरीकडून वचनं म्हणवून घेताना सहज खाली नजर गेली, बुटाच्या कडेला सकाळची माती तशीच होती. पुढचं वाक्यच सुचेना. सगळ्यांना वाटलं असेल पास्टर विसरले. त्या दोघांचा आनंद खरा होता, माझाही होता, पण सकाळचं रडणं अजून कानात होतं.

रविवारचा संदेश, म्हणजे प्रवचन, एवढंच पाळकाचं, पास्टरचं, काम असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही पाचारण झालं, देवाने या सेवेला बोलावलं, तेव्हा पुलपिटच, संदेश देतात ती जागाच, दिसायची. पण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, 21 व्या अध्यायात, येशू आपला शिष्य पेत्र याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि प्रत्येक वेळी काम देतो ते मेंढरांचं. माझी मेंढरं चार, माझी मेंढरं पाळ. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं असं लिहिलंय, आणि ते मला आता कळतं, कारण एकदा हो म्हणून भागत नाही, रात्री दोनला फोन वाजला की परत हो म्हणावं लागतं.

सेवेच्या पहिल्या वर्षांत माझ्या हातून एक चूक झाली ती अजून सलते. मूल गमावलेल्या एका आईला मी म्हणालो, ताई, यात देवाची काहीतरी योजना असेल. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली, नंतर कित्येक महिने उपासनेला आली नाही. मी जाऊन माफी मागितली, तिने केलीही, पण शब्द परत घेता येत नाही ना. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी एक शब्द बोललं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच, तोंड उघडलं आणि बिघडलं. त्यामुळे आता घरभेटीला गेलो की आधी बसतो. कोणी म्हटलं प्रार्थना करा तर करतो, नाहीतर बसूनच राहतो.

पोटात ठेवायच्या गोष्टींचं ओझं वेगळंच. कोणाचा संसार मोडतोय, कोणाचा मुलगा दारूत अडकलाय हे सगळं मला माहीत असतं आणि तीच माणसं रविवारी दारात हात मिळवून, पाळकसाहेब संदेश जरा लांबला, म्हणतात. चर्चच्या कमिटीत दोन घरांचं भांडण चालू असतं, दोघांचंही ऐकलेलं असतं, आणि कोणाचीही बाजू घ्यायची नसते. घरी बायको विचारते, काय झालं, तिलाही सांगता येत नाही. तिने आता विचारणं सोडलंय, ताट वाढते आणि शेजारी बसते.

सगळ्यात जास्त भीती मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. शास्त्र उघडलं की यावर संदेश कसा होईल हेच डोक्यात येतं, स्वतःसाठी वाचणं राहूनच जातं आणि आतून कोरडं पडायला होतं. बायबलमधला संदेष्टा एलीया थकून रतामाच्या झुडपाखाली, मला मरण दे, म्हणाला तेव्हा देवाने त्याला लेक्चर दिलं नाही, झोपू दिलं, खाऊ घातलं, परत झोपू दिलं आणि परत खाऊ घातलं. हे मी थकलेल्या कितीतरी लोकांना सांगितलंय, स्वतः ऐकायला मात्र फार वर्षं गेली.

आता सोमवारी सकाळी फोन बायकोकडे देतो. खरंच कोणी शेवटचं आजारी असेल तरच ती हाक मारते. एक स्तोत्र वाचतो, जवळ वही-पेन ठेवत नाही. काल 13 वं वाचलं, हे परमेश्वरा, कुठवर, आणि तिथेच थांबलो, त्या वडिलांचा हात आठवला. दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसलो. दोन तास. ते काही बोलले नाहीत, मीही नाही, निघताना म्हणाले, परत या.