तुम्ही विचारलंत म्हणून: अजून बाप्तिस्मा का घेतला नाही?

"दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाता, मग अजून बाप्तिस्मा का घेतला नाहीत?" हा प्रश्न मला ठाण्यात दोन्हीकडून विचारला जातो. नातेवाइकांच्या विचारण्यात धास्ती असते आणि चर्चमधल्यांच्या विचारण्यात आपुलकी. उत्तर मात्र दोघांनाही एकच द्यावे लागते.

आज मागितला म्हणून उद्या बाप्तिस्मा द्यायचा, असे कॅथलिक चर्च मोठ्या माणसाच्या बाबतीत करत नाही. 1972 साली प्रौढांच्या दीक्षेचा जो विधी रोमने नव्याने घालून दिला, त्यात आधी चौकशीचा काळ, मग शिकवणीचा, मग ईस्टरआधीच्या उपवासकाळातील शुद्धीकरणाचा, असे टप्पे आहेत आणि बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करणारा संस्कार) व पहिले कम्युनियन (मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकरी) हे तिन्ही संस्कार सहसा ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या विधीत एकत्र दिले जातात. कोणावरही श्रद्धेची सक्ती करू नये, असे चर्चच्या कायद्यातच लिहिलेले आहे. "तुम्हाला काय देऊ केले?" असे विचारणाऱ्या माझ्या एका काकांना मी सांगितले की आतापर्यंत दर बुधवारी दीड तासाचा वर्ग आणि वाचायला पुस्तके, एवढेच मिळाले आहे.

"हा इंग्रजांचा धर्म," हेही काकांचेच म्हणणे. याच ठाण्यात 1321 साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना ठार मारले गेले. ते इथे आले तेव्हा सिरियन परंपरेतली ख्रिस्ती घरे या गावात आधीपासून होती आणि इंग्रजांचा तर तेव्हा पत्ताही नव्हता. तरीही एखादा धर्म जुना आहे म्हणून तो आपला होतो असे नाही, त्यामुळे हा मुद्दा मी फार ताणत नाही.

सध्या मी शिकवणीच्या टप्प्यावर आहे. त्यात प्रवेश देताना फादरांनी अंगठ्याने माझ्या कपाळावर क्रुसाची खूण केली, तेव्हा ज्या जागी आई सणासुदीला कुंकू लावते नेमकी तीच जागा आहे, हे मला एकदम जाणवले. या टप्प्यावरच्या माणसाचे काही बरेवाईट झाले, तर त्याचा अंत्यविधी ख्रिस्ती पद्धतीने होऊ शकतो. (हे आईला सांगण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.) कम्युनियन मात्र मिळत नाही. सगळी रांग पुढे सरकते तेव्हा मी बाकावरच बसून राहतो. शेजारी बसणाऱ्या ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिक समाजातल्या) मावशी, ज्यांची घरातली मराठी माझ्या मराठीहून जुन्या वळणाची आहे, उठताना दर वेळी माझ्या खांद्यावर हात टेकतात. गुडघे दुखतात म्हणून टेकतात की आणखी कशासाठी, हे मी त्यांना विचारलेले नाही. सुरुवातीला त्या बसून राहण्याचा संकोच वाटे. आता आठवड्यातली तीच पाच मिनिटे मला सर्वांत खरी वाटतात, कारण आपल्याला काय हवे आहे आणि ते अजून आपले का नाही, हे तेव्हा लख्ख दिसते.

ते आपले का नाही, याचे उत्तर आमच्या देवघरात आहे. वडील गेल्यापासून गणपतीची प्रतिष्ठापना मीच करतो. लहानपणी सोमवारी आई मला तलावपाळीला कौपिनेश्वराच्या दर्शनाला नेत असे आणि आजही तिच्या देवांना मी खोटे म्हणू शकत नाही. पण एकाच देवाची उपासना करीन असे वचन बाप्तिस्म्याच्या वेळी देऊन भाद्रपदात पुन्हा आचमन करून पूजेला बसणे, हे दोन्ही ठिकाणी लबाडीचे होईल. फादरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की आईच्या हातची खीर खायला किंवा तिच्यासाठी फुले आणायला काहीच हरकत नाही, पण पूजा कोण करणार हे आधी घरी बोला. आईला अंधारात ठेवून घेतलेला बाप्तिस्मा मला नको.

बोललो. आईने ऐकून घेतले आणि विचारले, "मग आरतीला तरी उभा राहशील ना?" मला लगेच उत्तर देता आले नाही. धाकटा भाऊ नवी मुंबईत राहतो, त्याने गणपती आपल्या घरी न्यायची तयारी दाखवली आहे. मूर्ती आपल्या घरातून जाईल हे आईला अद्याप पटलेले नाही.

यंदा उपवासकाळाच्या सुरुवातीला बाप्तिस्म्यासाठी नाव द्यायचे होते. मी दिले नाही, तसे फादरांना कळवले आणि पुढच्या बुधवारी नेहमीप्रमाणे वर्गाला गेलो.