वैशाख आणि त्याचा तोतया: आमची वाटचाल

गिटारचं पेडल म्हणजे पायाने चालू करायचा, गिटारचा आवाज बदलणारा छोटा डबा. तो बनवणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे कशाची कॉपी आहे?" आम्ही २०११ पासून पुण्यात गिटारची पेडल्स बनवतो आणि या प्रश्नाचा आम्हाला कधीच राग आला नाही. उत्तर लपवणाऱ्यांचा मात्र येतो, आणि तो का येतो हे आमच्या 'वैशाख' या पेडलच्या निमित्ताने आज एकदा सविस्तर लिहायचं आहे.

आमचं पहिलं पेडल 'ठिणगी'. ते उघड उघड ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध ओव्हरड्राइव्ह पेडलच्या घराण्यातलं. १९७९ च्या टीएस८०८ या ट्यूब स्क्रीमरमध्ये जे आहे तेच आत आहे: ४५५८ ही आवाज वाढवणारी चिप आणि तिच्या फीडबॅकमध्ये उलटसुलट लावलेले, आवाज फाडणारे दोन डायोड. मूळ रचनेत ४.७ के चा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर या जोडीमुळे ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना गेन, म्हणजे वाढ, कमी मिळतो. आम्ही तिथे ०.१ चा कपॅसिटर टाकला, ती रेघ साधारण ३४० वर आली आणि आवाजाला अंग आलं. बाकी फारसं काही बदललं नाही. खोक्यातल्या कागदावर पहिल्या दिवसापासून छापलं आहे की मूळ कल्पना ट्यूब स्क्रीमरची, बदल आमचा. त्यामुळे एकही गिऱ्हाईक कमी झालं नाही.

या धंद्यात सगळेच कोणाच्या तरी खांद्यावर उभे आहेत. फझ म्हणजे आवाज खरखरीत फाडणारं पेडल. १९६२ चा मेस्ट्रो फझ-टोन पाहून लंडनमध्ये १९६५ साली टोन बेंडर झाला, आणि १९६६ च्या फझ फेसचं दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट टोन बेंडरच्या एका आवृत्तीशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. बॉसच्या ओव्हरड्राइव्हचं क्लिपिंग, म्हणजे लहरीची टोकं कापणं, असमान, म्हणून ट्यूब स्क्रीमर बनवणाऱ्या मॅक्सनवाल्यांनी आपलं समान ठेवलं, असं जुनी मंडळी सांगतात. सर्किट कागदावर आलं की ते सगळ्यांचं होतं. पेटंट असलंच तर वीस वर्षांनी संपतं. क्लॉन सेंटॉर हे गाजलेलं पेडल बनवणाऱ्या बिल फिनेगन यांनी बोर्डावर एपॉक्सी ओतून तो झाकला, तरी लोकांनी तो खरवडून काढलाच. पण २०२४ मध्ये बेहरिंगरने सेंटॉर याच नावाने आणि त्याच रूपात पेडल काढलं तेव्हा फिनेगन कोर्टात गेले. दावा नावावर आणि रूपावर होता, सर्किटवर नव्हता. पेडलचं नाव बदललं गेलं. माझ्या मते नक्कल आणि चोरी यांच्यातली रेघ नेमकी तिथेच आहे.

आमच्याकडे ही रेघ आखली ती काकांनी. काका म्हणजे माझे पहिले भागीदार. उभं आयुष्य बुधवार पेठेत रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्तीत गेलेलं. मी सॉफ्टवेअरची नोकरी सोडून त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी भांडवल म्हणून टेबलावर ठेवलं ते हे: २५ वॅटचं सोल्ड्रॉन (सोल्डरिंग आयर्न), सुईचा जुना मल्टीमीटर, रोझिनची डबी आणि साफसफाईचं कार्बन-टेट सापडत नाही म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली. ते सोल्डर मारताना बोलत नसत. आधी पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) तापवायचा, मग सुट्या भागाचा पाय, मग सोल्डरची तार लावायची; तार आधी वितळवून थेंब टाकणाऱ्याला ते टेबलावरून उठवत. आजही नव्या मुलाला आमच्याकडे पहिला महिना फक्त ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेले सांधे, शोधायला बसवतात. नवशिक्यांनी महागडं स्टेशन घेण्याआधी टोक साफ ठेवायला शिकावं. ओला स्पंज नको, पितळी जाळी घ्या, आणि काम संपलं की टोकावर सोल्डर ठेवूनच सोल्ड्रॉन बंद करा.

'वैशाख' हे पेडल काकांच्याच डोक्यातून आलं. जर्मेनियमचे जुन्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर वापरणारं फझ उन्हाळ्यात आपल्याकडे नीट वाजत नाही, हे वाजवणाऱ्यांना माहीत आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की जर्मेनियमची गळती, म्हणजे ट्रान्झिस्टरमधून नको असताना वाहणारा प्रवाह, ढोबळमानाने दुप्पट होते. लंडनच्या थंडीत दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायावर साडेचार व्होल्ट लावून निघालेलं पेडल एप्रिलमधल्या पुण्यात भलत्याच व्होल्टेजवर जातं आणि आवाज घशात अडकतो. लोक पेडल फ्रिजमध्ये ठेवायचे. काकांनी बायसच्या (हे व्होल्टेज ठरवणाऱ्या) फांदीत थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार बदलणारा रेझिस्टर, घातला आणि त्याच्या शेजारी एक रेझिस्टर असा निवडला की वीस अंशांपासून बेचाळीस अंशांपर्यंत कलेक्टर जागचा फारसा हलत नाही. हे एका ओळीत लिहिलं, पण त्यात आमचे दोन उन्हाळे गेले. घरचा ओव्हन, गच्चीतलं ऊन, फ्रिज, सगळं वापरलं. शिवाय एसी१२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरची पिशवी ओतून एकेक निवडायचा: पहिल्यासाठी गेन सत्तर-ऐंशी, दुसऱ्यासाठी एकशेदहा ते एकशेतीस, आणि गळती वेगळी मोजून वजा करायची. गळती वजा न करता मीटरवरचा गेन खरा मानणाऱ्याने जर्मेनियमच्या नादी लागू नये.

पहिला वैशाख मडगावला गेला. घेणारे गृहस्थ फेस्तांना आणि लग्नांना बँडमध्ये वाजवतात, मे महिन्यात, उघड्या मांडवात, हॅलोजनखाली. त्यांनी फोन करून एवढंच सांगितलं, "पात्रांव, रातभर वाजयलें, कांयच जालें ना." त्यानंतर ते आमचे झाले. प्रत्येक नवं पेडल आधी त्यांच्याकडे जातं आणि त्यांनी नापसंत केलेली दोन पेडल्स आम्ही बाजारात आणलीच नाहीत.

२०१३ ते २०१८ ही वर्षं चांगली गेली. माल विकला गेला, पगार वेळेवर झाले. पुढे जाऊ.

ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या म्युझिक चायना प्रदर्शनाला गेलो. थ्रीपीडीटी (पायाने दाबायचे) स्विच आणि १२५बी मापाचे पेडलचे ओतीव डबे थेट कारखान्याकडून घ्यायचे, म्हणजे मधला दलाल जाईल, हा हेतू. सोबत आमचा त्या वेळचा वितरक होता. नाव लिहीत नाही. धंद्यातल्या लोकांना माहीत आहे. पहिल्या रात्री एका पुरवठादाराने जेवायला नेलं. गोल फिरणाऱ्या टेबलावर थंड पदार्थ होते, शिंपल्या होत्या, दारूत मुरवलेले कच्चे खेकडे होते. पहाटेपासून जुलाब सुरू झाले ते थांबेनात. उभं राहिलं की डोळ्यांसमोर अंधारी.

आपल्याकडे एक समज पक्का आहे की भारतीय माणसाचं पोट काहीही पचवतं. तो चुकीचा आहे. आपलं शरीर ओळखतं ते आपल्या गावच्या जंतूंना. प्रवासातल्या जुलाबामागे बऱ्याचदा ई-कोलायचाच एखादा प्रकार असतो, पण दुसऱ्या देशातला प्रकार आपल्याला तितकाच नवा, जितका आपल्याकडचा गोऱ्या पाहुण्याला. तेव्हा परदेशी प्रदर्शनाला जाणाऱ्यांनी सुटे भाग नंतर भरावेत, आधी ओआरएसची पाकिटं बॅगेत टाकावीत. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलं आहे तेवढंच घ्या; एक लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर. अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट घोळलं तर फायद्याऐवजी अपाय होतो. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, डॉक्टर गाठा. चीनमध्ये एक गोष्ट चांगली: हॉटेलच्या खोलीत किटली असतेच, उकळलेलं पाणी कुठेही मिळतं. कारखान्याची दुभाषी मुलगी औषधांच्या दुकानातून मातीसारखी एक पूड आणि ओआरएस घेऊन आली आणि डब्यात तांदळाची पातळ पेज. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

ओआरएसबद्दल आणखी लिहितो, कारण ते आमच्या विषयाबाहेरचं नाही. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याचे रोगी वाचवले. आज जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला कोणीही वापरू शकतो: लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट. पण साखरेच्या सरबतावर 'ओआरएस' लिहून विकणं हा वेगळा प्रकार, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने अशा पेयांना ते नाव लावायला मनाई केली. फॉर्म्युला सगळ्यांचा, पण नाव लावलं की आतला माल त्या नावाचाच हवा. पेडललाही मी हाच नियम लावतो.

मी हॉटेलात आडवा होतो तेव्हा वितरक म्हणाला, "तुम्ही झोपा साहेब, नमुने माझ्याकडे द्या, मी भेटी उरकतो." मी वैशाखचे नमुने त्याच्या हाती दिले. माणूस आमच्या घरी जेवलेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात 'बैसाख' नावाचं पेडल बाजारात आलं. तोच मातकट लाल पावडर कोट, तीच तीन बटणं, तसाच सूर्य. किंमत आमच्या निम्म्याहून कमी. मी एक विकत आणलं, काकांनी मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्या बोर्डावर आर१७ ची, म्हणजे सतराव्या रेझिस्टरची, जागा रिकामी आहे. पुढे एलईडीचा उजेड कमी-जास्त करता यावा म्हणून आम्ही नुसते पॅड ठेवले होते. त्यांच्या बोर्डावरही आर१७ रिकामा. आमच्या बोर्डाच्या कोपऱ्यात तांब्यात 'अ' कोरलेला आहे, काकांच्या नातीच्या नावाचा. त्यांच्याही बोर्डावर तोच 'अ'.

जे उचलता येत नाही ते मात्र राहिलं होतं. ट्रान्झिस्टर न निवडता पिशवीतून आले तसे लावले होते, त्यामुळे थर्मिस्टर असून नसल्यासारखा. ती पेडल्स मे महिन्यात बंद पडायला लागली आणि लोक ती आमच्याकडे घेऊन यायला लागले, कारण दिसायला ती आमचीच. एका मुलाने दुकानात सगळ्यांसमोर मला चोर म्हटलं. मी ती परत पाठवा म्हणत होतो. काकांनी ऐकलं नाही. म्हणाले, "वाजवणाऱ्याचा काय गुन्हा?" आणि पदरचे ट्रान्झिस्टर घालून दुरुस्त करून दिली.

वकिलांकडे गेलो. सर्किटवर काही करता येणार नाही, हे मला माहीतच होतं आणि मला ते नकोही होतं. नावाची ट्रेडमार्क नोंदणी तेव्हा प्रक्रियेत होती. नोंदणी नसली तरी पासिंग ऑफचा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा, दावा लावता येतो, पण तो वर्षानुवर्षं चालतो आणि आमच्याकडे तेवढा पैसा नव्हता. जाता जाता सांगतो: पेडलच्या नावाचा अर्ज ट्रेडमार्कच्या ९ व्या वर्गात करा. १५ वा वर्ग वाद्यांचा आहे, इफेक्ट युनिट त्यात बसत नाही. सल्लागारसुद्धा इथे गोंधळतात.

वितरण गेलं, उधारी अडकली, बंगळूरच्या दुकानांनी माल परत पाठवला. मार्च २०२० मध्ये कार्यक्रमच बंद झाले. दोन मुलांना कामावरून कमी करावं लागलं. ते अजून टोचतं. बँकेचा हप्ता भरायला सौभाग्यवतींनी बांगड्या दिल्या. त्या दिवसांत मडगावहून फोन आला. त्यांचेही कार्यक्रम बंद, तरी त्यांनी त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुलांसाठी पेडल्सची ऑर्डर दिली आणि पूर्ण पैसे आधी पाठवले. "तुमी बंद करूं नाकात," एवढंच. त्या पैशातून तांबं, डबे आणि भाडं भागलं. पुढचे महिने आम्ही जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करून काढले.

काका २०२२ मध्ये गेले. त्यांचं सोल्ड्रॉन अजून वापरात आहे, टोक बदललं आहे.

'वैशाख'च्या नावाची नोंदणी आता झाली आहे. बैसाख बाजारात अधूनमधून दिसतो, आणि दुरुस्तीला आला तर आम्ही घेतो; ट्रान्झिस्टरची निवडलेली जोडी आणि मजुरी मिळून जे होतील ते पैसे लावतो, आणि पावतीवर पेडलचं खरं नाव आणि बनवणाऱ्याचं नाव लिहितो. गेल्या वर्षीपासून वैशाखच्या प्रत्येक खोक्यात पूर्ण सर्किट छापून देतो, थर्मिस्टर किती ओहमचा, त्याच्या शेजारचा रेझिस्टर आणि आर१७ ची रिकामी जागा यांसह. ज्याला बनवायचं त्याने बनवावं, विकायचं असेल तर विकावं. नाव स्वतःचं द्यावं आणि कागदावर काकांचा उल्लेख करावा. नाशिकच्या एका मुलाने तसं केलं आहे. त्याने बास गिटारसाठी इनपुटचा कपॅसिटर वाढवला आहे आणि त्याचं पेडल आमच्यापेक्षा खालच्या सुरांना चांगलं वाजतं. आमच्या दुकानात ते विकायला ठेवलं आहे.