काकूची थायरॉईडची गोळी

आज काकूला घेऊन खानापूरहून बेळगावला डॉक्टरांकडे गेलो. रोज गोळी घेऊनही टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारा हार्मोन) वाढलेलाच. "कशी घेता?" डॉक्टरांनी विचारलं. काकूनं पिशवीतून कॅल्शियमची स्ट्रिप काढली, "सकाळी चहाबरोबर, हिच्यासंगंच." तिथंच घोळ होता! थायरॉक्सिन (हीच ती थायरॉईडची गोळी) उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचं. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासानं, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी ४ तासांनी. नाहीतर औषध नीट शोषलंच जात नाही.

काकूला हाशिमोटो हा थायरॉईडचा आजार आहे. जपानच्या डॉ. हाशिमोटोंनी १९१२ साली याचं वर्णन केलं. प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीवर उलटते. बायकांत याचं प्रमाण कितीतरी जास्त. थकवा, केसगळती, उदासी... आणि नातेवाईक म्हणतात, "आळशी झालीय." फार चीड येते हो! सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचंय.